पोरं उनाड झालीत म्हणलं की विषय संपतो का?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की पेपरात तीच हेडलाईन, यंदाही मुलींचीच बाजी. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, त्यात मुली ९६.१४ आणि मुलं ९२.३१. आमच्या स्टाफरूममध्ये पेपर वाचून झाला की कुणीतरी म्हणतंच, पोरी अभ्यास करतेत बाबा, पोरं निस्ती उनाड, मोबाईलनं वाटोळं केलंय सगळं. मग चहा येतो अन् विषय संपतो.

आता पोरी पुढं जायल्यात याचं वाईट वाटायचं काहीच कारण नाही, उलट आमच्या भागात अजूनही दहावीच्या आतच लग्न उरकून टाकायच्या घाईत असलेले बाप आहेत, त्यामुळं जी पोरगी परीक्षेला बसते ती अर्धी लढाई आधीच जिंकून आलेली असते. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या टक्केवारीत फक्त परीक्षेला बसलेली लेकरं मोजतात. आठवी-नववीतच ज्याचं नाव हजेरीत राहिलं पण पोरगं राहिलं नाही, जो ऊस तोडायला साखर कारखान्याला गेला, जो चाकणला मामाकडं कंपनीत लागला, जो गावातच जेसीबीवर हेल्पर म्हणून चढला, तो नापास सुद्धा होत नाही. तो कशातच नसतो.

मी परभणी जिल्ह्यात एका गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडं दिवाळी झाली की आठवी ते दहावीच्या वर्गात पुढचे बेंच पोरींनी भरलेले आणि मागं पोरांच्या जागा मोकळ्या, हे दृश्य दरवर्षीचं आहे. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतेत, आणि घरात पंधरा-सोळाचं पोरगं असलं की हिशोब सुरू होतो की ह्याला पण नेला तर अर्धा कोयता वाढतोय. कुणी वाईट बाप असतो म्हणून नाही, उचल फेडायची असते म्हणून. पोराला सुद्धा त्यात थोडा रुबाब वाटतो हे पण खरंय, कारण शाळेत त्याला जे कुणी विचारत नाही ते तिथं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बसल्यावर मिळतं.

तर ह्या विषयावर जगात कोण काय करायलंय ते मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपासून वाचायलोय, आणि आधी मला पण वाटलं होतं की हे अमेरिका-इंग्लंडवाल्यांचं खूळ असणार. पण युनेस्कोनं २०२२ ला खास मुलांच्या शाळेपासून तुटण्यावर जागतिक अहवाल काढला, त्यात प्राथमिक-माध्यमिक वयाचे १३ कोटी २० लाख मुलगे शाळेबाहेर आहेत असा आकडा आहे, आणि कारणं वाचली तर वाटावं हे आमच्याच तालुक्यात बसून लिहिलंय. गरिबी, कामाला जाणं, शाळेतली मारहाण, आणि पुरुष म्हणजे कमावणारा ही डोक्यात लहानपणापासून बसलेली गोष्ट. मुलांवर काम करा म्हणजे मुलींचं कमी करा असा त्याचा अर्थ नाही, हे पण त्यात स्वच्छ सांगितलंय. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये दोनदा वाचून दाखवलं कारण आमच्याकडं लगेच तसला वाद सुरू होतो.

मला सगळ्यात जास्त लागलेलं संशोधन मात्र दुसरंच आहे. मायकेल रायकर्ट म्हणून अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि रिचर्ड हॉली यांनी सहा देशांतल्या १८ शाळांमध्ये एक साधा प्रश्न विचारला. शिक्षकांना विचारलं की तुमचा मुलांसोबत जमून आलेला एखादा तास सांगा, आणि मुलांना वेगळं विचारलं की तुमच्या लक्षात राहिलेला तास सांगा. शिक्षकांनी लिहिलं काय शिकवलं, कोणती ॲक्टिव्हिटी घेतली, कोणतं मॉडेल केलं. आणि मुलांनी लिहिलं ते शिक्षकाबद्दल. सर असे आहेत, मॅडमनी मला असं म्हणलं, त्यांना माझं नाव माहीत होतं. म्हणजे आपण फळ्याकडं बघत होतो आणि पोरं आपल्याकडं बघत होती. त्यांचं म्हणणं एवढंच की मुलगा आधी माणूस धरतो, मग विषय. आणि पुढच्या अभ्यासातली अजून एक गोष्ट, की मुलाचं शिक्षकाशी एकदा बिनसलं की तो स्वतःहून जुळवायला बहुतेक येत नाही, तो सरळ तुटतो, त्यामुळं जुळवायचं काम मोठ्या माणसानं स्वतःचं समजून करायचं. आमच्याकडं बरोबर उलटं आहे, आमच्याकडं त्यानं माफीनामा लिहायचा, पालकाची सही आणायची, आणि मग वर्गात बसायचं.

एक किस्सा सांगतो. नववीतला एक पोरगा, नाव राहू द्या, पहिल्याच तासाला बेंचवर डोकं टेकून झोपायचा. रब्बीचे दिवस. मी म्हणलं काय रे, रात्रभर गेम खेळायलतास काय. तो म्हणला, नाही सर, या हप्त्यात लाईट रातची आहे. आई-बाप कारखान्यावर, घरी आजी, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला हा रात्री एकटा बॅटरी घेऊन शेतात. थ्री फेज बारा वाजता येणार, मग मोटर चालू करून पहाटेपर्यंत पाण्याची दारं धरायची. मी पुढं काही बोललो नाही, झोप म्हणलं. नंतर दहा-पंधरा दिवसांनी विजेचं प्रकरण शिकवताना त्यालाच उठवला आणि म्हणलं, दोन फेजवर मोटर कशी चालवतेत ते सांग बरं. पोरगा जो सुटला! कंडेन्सर कुठं टाकतेत, आवाज कसा बदलतो, स्टार्टर का ट्रिप होतो, मोटर जळली की रिवाइंडिंगला किती दिवस लागतात अन् तोवर पीक कसं वाळतं, सगळं. मागच्या बेंचवरची पोरं पुढं सरकून ऐकायलती. पुस्तकात त्यातलं अर्धं पण नाही. परीक्षेत त्याचे मार्क एकदम वाढले असलं काही झालं नाही, पण तो झोपायचा त्या तासाला जागा राहायला लागला, आणि लाईट दिवसाची असली की मला येऊन सांगायचा, सर या हप्त्यात फ्री आहे.

आता सगळ्याच एक्सपर्ट लोकांचं सगळंच पटतं असं नाही. रिचर्ड रीव्हज नावाचे एक अभ्यासक आहेत, २०२३ मध्ये त्यांनी अमेरिकेत मुलं आणि पुरुषांच्या प्रश्नांवर एक संस्था काढली, त्यांचं एक म्हणणं असं की शाळेत पुरुष शिक्षक वाढवा. त्यांच्याकडं असेल तसं. आमच्या हायस्कूलात जिकडं बघावं तिकडं सरच सर आहेत, पुरुष कमी नाहीत, प्रश्न हा आहे की त्यातल्या किती सरांना पोरगं जवळ येऊन काही सांगू शकतं. उलट पोरांना काही झालं तर ते आमच्याकडं मराठीच्या मॅडमकडं जातेत.

न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ नायोबी वे यांनी पोरांच्या दोस्तीवर बरीच वर्षं काम केलंय, त्याच त्याच मुलांशी वर्षानुवर्षं बोलून. बारा-तेराच्या वयात मुलं जिगरी दोस्ताबद्दल इतकं मोकळं बोलतात, त्याला सगळं सांगतो, तो नसला तर करमत नाही, आणि सोळा-सतराला तीच मुलं म्हणतात आता तसा कुणी राहिला नाही, आपलं आपण बघायचं. हे वाचताना वाटलं आमच्याकडं तर म्हातारे सुद्धा एकमेकाच्या खांद्यावर हात टाकून पारावर बसतेत. पण मग नीट आठवून बघितलं तर खांद्यावरचा हात राहतो, बोलणं बदलतं. सातवीतलं पोरगं दोस्ताला सांगतं बापानं काल दारू पिऊन हाणलं. दहावीतलं नाही सांगत. ते म्हणतं चल बे, फिरून येऊ. गाडी काढतं, ट्रिपल सीट.

हाणण्याचं निघालंच आहे तर. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १७ नं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, हे आमच्या प्रत्येक सरांना माहीत आहे आणि तरी कपाटाच्या वर निरगुडीची शिपाटी असते. पोरींना सहसा हात लावत नाहीत, पोरांना लावतेत, आणि त्यात एक कौतुक पण असतं, मार खाऊन हसणारा पोरगा वाघ. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बालकांवरच्या अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता, १३ राज्यांतला, त्यात शाळेत जाणाऱ्या लेकरांपैकी ६५ टक्के लेकरांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त लेकरांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक त्रासाबद्दल सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. हे मी पालक सभेत बोललो तर सभा एकदम गप्प. एक आजोबा म्हणले, सर, पोरांना काय होतंय. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा का मुलगी असं बघत नाही, अठराच्या आतलं लेकरू एवढंच बघतो. पण पोरगं तक्रार करणार कुठं अन् कशी, घरी सांगितलं तर बाप पहिल्यांदा त्यालाच विचारणार, तू काय करायलतास तिथं?

शाळेत तक्रारपेटी आहे आमच्या. २०२२ पासून प्रत्येक शाळेत लेकरांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती पण पाहिजे असा शासनाचा नियम आहे, आमच्याकडं पण आहे, पण नावामुळं सगळ्यांनी धरलंय की हे मुलींचं. पेटीत पोरांच्या चिठ्ठ्या कधी निघाल्याच तर त्या नळाच्या नाहीतर खिचडीच्या. एकदा मात्र एक चिठ्ठी निघाली, वहीच्या पानावर, की संडासाला दार लावा. बस एवढीच ओळ. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार, कडी, कचऱ्याची बादली सगळं आहे, तपासणीला साहेब आले की आधी तेच बघतेत आणि बघायलाच पाहिजे. पोरांच्याला दारच नाही. पत्र्याचं होतं ते कधीचं गंजून गेलं, कुणाला गरज वाटली नाही, पोरांना कशाला लागतंय दार. चिठ्ठी कुणाची म्हणून मी काही शोध घेतला नाही पण आमच्या मामांना विचारलं. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. मामा म्हणले, सर तुम्हाला म्हाईत नाही का, पाचवी-सहावीची बारकी पोरं दुपारी तिकडं जातच नाहीत, मोठी पोरं तिथं उभं राहून मोबाईलवर फोटो काढायची भीती घालतेत. ही लेकरं दिवसभर पाणी पीत नाहीत. आम्ही विज्ञानाच्या तासाला पाणी प्या, पाणी प्या शिकवायलो.

बरं, आपल्याकडं कुणी काही करतच नाही असं नाही. मूल्यवर्धन हा कार्यक्रम २००९ मध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्याच ५०० शाळांमधून सुरू झालाय, शांतिलाल मुथ्था यांचा. तेच ते, ज्यांनी ९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची १२०० लेकरं शिकायला पुण्याला नेली होती. त्यात जोडीत, गटात बसून प्रत्येक लेकरानं बोलायचं असतं, आणि बारकी पोरं बोलतात हो, प्राथमिकला बोलतात. हायस्कूलला आली की आम्ही त्यांना गप्प बसायला शिकवतो. मुंबईत हरीश सदानी यांची मावा ही संघटना १९९३ पासून पोरांशी पुरुषपणावर बोलायचं काम करते, पुण्यात इक्वल कम्युनिटी फाउंडेशन वस्त्यांमधल्या किशोरवयीन मुलांसोबत करते. हरियाणात तर ३१४ सरकारी शाळा घेऊन, त्यातल्या जवळपास निम्म्या शाळांमध्ये सातवी-आठवीतल्या लेकरांचे अडीच वर्षं मुलगा-मुलगी बरोबरीचे तास घेऊन रीतसर मोजलंय, आणि गंमत म्हणजे वागण्यातला फरक मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसला, घरकामाला हात लावायला लागले वगैरे, कारण पोरगं ठरवलं तर वागू शकतं, पोरीला घरातून परवानगी लागते.

मला सगळ्यात आवडलेला मुंबईचा ‘परिवर्तन’ नावाचा कार्यक्रम. शाळांच्या क्रिकेट कोचला ट्रेनिंग दिलं आणि त्यानं हप्त्यातून एकदा पोरांना बाजूला घेऊन थोडा वेळ बोलायचं, शिव्या, राग, पोरींबद्दल काय बोलतो, मारामारी. पोरांचे विचार बदललेले दिसले, वागण्यातला फरक तेवढा ठळक नव्हता, हे पण त्या लोकांनी लपवलं नाही. पण कल्पना किती साधी बघा, जो माणूस पोरांना आधीच आवडतो त्यालाच धरायचं. आमच्याकडं क्रिकेट कोच कुठला, पण कबड्डीचे सर आहेत, आणि पोरं त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणले, मला नाही जमत लेक्चर द्यायला. म्हणलं लेक्चर नकोच आहे, सराव झाल्यावर पोरं घाम पुसत बसतेत तेव्हा पाच मिनिटं बसा फक्त. आता बसतेत. पहिल्याच वेळी पोरांनी काय विषय काढला असेल तर गुटखा सोडला की डोकं दुखतं ते का.

आणि एक गोष्ट आम्ही करून बघितली. हार्वर्डच्या शिक्षण विभागात मेकिंग केअरिंग कॉमन नावाचा प्रकल्प आहे, त्यांची पद्धत आहे रिलेशनशिप मॅपिंग. सगळ्या लेकरांची नावं भिंतीवर लावायची आणि प्रत्येक शिक्षकानं ज्या लेकराला आपण खरंच ओळखतो त्याच्या नावापुढं खूण करायची, मग कुणापुढं एक पण खूण नाही ते बघायचं. खर्च शून्य. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर हजेरीच्या झेरॉक्स चिकटवल्या, स्केचपेन दिले. सुरुवातीला थट्टा चालली, मग हळूहळू सगळे शांत वाचायला लागले. हुशार पोरी, हुशार पोरं, यांच्यापुढं खुणाच खुणा. एक नंबरची मस्तीखोर पोरं, त्यांच्यापुढं पण खुणा, शिव्या देत का होईना त्यांना सगळे ओळखतात. मोकळी राहिली ती मधली पोरं. ना हुशार ना उनाड, उंची मध्यम, हस्ताक्षर मध्यम, पालक कधी न आलेले. त्यात मुली पण होत्या पण पोरं बरीच जास्त. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि मामांना बोलावलं. मामांनी ती मोकळी नावं एकेक करत सांगितली, ह्याचा बाप वारला, हा बहिणीच्या गावाहून सायकलवर येतो, हा मधल्या सुट्टीत माझ्यापाशी बसतो, ह्याला ट्रकची आवड आहे, ह्याचं मागच्या सालापासून बोलणंच कमी झालंय. ट्रेनिंगला आम्ही जातो, मामांना कुणी बोलवत नाही, हा एक वेगळाच विषय.

आता प्रत्येकानं मोकळ्या नावांपैकी चार-पाच नावं घेतलीत. काही करायचं नाही, निस्तं रोज नावानं हाक मारायची अन् एखादी गोष्ट विचारायची, अभ्यास सोडून. एका सरांनी म्हणलं ही काय नाटकं, तरी नावं घेतली त्यांनी. कारखान्याला जाणाऱ्या पोरांची यादी यंदा दिवाळीच्या आधीच केली, हंगामी वसतिगृहात कोण राहील, कोणाची आजी ठेवून घेईल, कोण गेला तर फोनवर कोण बोलेल. किती टिकतील सांगता येत नाही. उचल शाळेच्या यादीला विचारून घेत नाहीत.

लातूरबद्दल पण लिहायचं होतं, आमच्या भागातली थोडी बरी परिस्थिती असलेली पोरं दहावी झाली की तिकडं नीटला जातेत, एका खोलीत तिघं-चौघं, मेसचा डबा, आणि दर आठवड्याला टेस्टची रँक. ही पोरं उनाड नाहीत, तरी कुणाशी बोलत नाहीत ही गोष्ट तीच. माझा एक जुना विद्यार्थी घरी फोन लावला की फक्त हाव, जेवलो, हाव, अभ्यास चालूय, एवढंच बोलतो असं त्याची आई सांगायलती. सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या जुलैत १०० किंवा त्यापेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना, क्लासेस धरून, समुपदेशक ठेवायला सांगितलंय, लेकराला ॲडमिशन घेताना फीच्या आधी हे विचारा की समुपदेशक कोण आहे आणि कधी भेटतो. आणि टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या, सरकारचा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. शाळेतल्या लेकरासाठी १०९८ ही चाइल्डलाईन. आम्ही दोन्ही नंबर पोरांच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून घेतलेत, कारण ऑफिसच्या बाहेर लिहिलेले नंबर कुणी उभं राहून वाचत नाही, सगळे बघतेत.

दाराचं काम मात्र अजून अडकलंय. मुख्याध्यापक म्हणले कोटेशन आणा, वेल्डरचं आणलं, तर म्हणले तीन पाहिजेत. दुसरं गंगाखेडहून आलंय, तिसऱ्यासाठी सोमवारी कबड्डीचे सर जाणार आहेत. सरपंचाला ग्रामपंचायतीच्या निधीतून बघा म्हणलं तर तो हसला आणि म्हणला, सर आम्ही शिकलो तेव्हा तर भिंत पण नव्हती. म्हणलं म्हणूनच तू सातवीला सोडलास का शाळा. तो जरा वेळ बघत राहिला, मग म्हणला, कोटेशनची झेरॉक्स द्या माझ्याकडं एक.